‘आशा’ची साइट व्हिजिट: परदेशातून शाळा बघायला येणाऱ्यांच्या पद्धतीचं परीक्षण

अमेरिकेत राहून भारतातल्या मुलांच्या शिक्षणासाठी पैसे पाठवायचे तर वाटा पुष्कळ आहेत. पण पैसा जिथे खर्च होतो तिथे स्वतः जायचं, मुलांशेजारी बसायचं आणि जे दिसलं ते कुणालाही वाचता येईल असं लिहून ठेवायचं, ही सोय फार थोड्या संस्थांकडे आहे. ‘आशा फॉर एज्युकेशन’ची साइट व्हिजिट ही अशी सोय आहे. आमच्या मते परदेशातल्या देणगीदाराला मुलांपर्यंत नेणाऱ्या सगळ्या पद्धतींमध्ये ही सर्वांत प्रामाणिक आहे. तिचं अर्धं मोल मात्र चुकीच्या महिन्यात जाण्याने आणि चुकीच्या गोष्टी बघण्याने वाया जातं.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९१ साली बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकणाऱ्या काही भारतीयांनी ‘आशा’ सुरू केली. संस्थापकांपैकी संदीप पांडे यांना २००२ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अमेरिकेतल्या निरनिराळ्या शहरांत संस्थेचे चॅप्टर, म्हणजे स्थानिक शाखा, आहेत आणि काम चालतं ते स्वयंसेवकांच्या बळावर. भारतातली एखादी छोटी संस्था चॅप्टरकडे प्रस्ताव पाठवते, सभेत त्यावर चर्चा होते, एक स्वयंसेवक त्या प्रकल्पाची जबाबदारी घेतो. त्याला तिथे स्ट्यूअर्ड म्हणतात. मग सुट्टीवर भारतात येणारा कुणीतरी सदस्य प्रत्यक्ष जाऊन बघून येतो, अहवाल लिहितो, आणि तो अहवाल प्रकल्पाच्या पानावर सगळ्यांसाठी ठेवला जातो. विमानाचं तिकीट, एसटी, जीप, राहणं, सगळा खर्च जाणाऱ्याच्या खिशातून.

वर्ल्ड व्हिजन किंवा प्लॅन इंटरनॅशनलसारख्या मोठ्या संस्थांची प्रायोजक-भेट यापेक्षा वेगळी असते. ‘प्लॅन’ची सुरुवात १९३७ साली स्पेनच्या यादवी युद्धातल्या मुलांसाठी झाली, वर्ल्ड व्हिजन १९५० सालची. त्यांच्याकडे दाता एका मुलाच्या नावाने पैसे देतो, पत्रं लिहितो, आणि भेटायचं असेल तर दोन-तीन महिने आधी अर्ज करतो. त्याची पार्श्वभूमी तपासली जाते, संस्थेचा माणूस आणि दुभाषा सोबत असतात, आणि मुलाला एकटं भेटता येत नाही. हे नियम उत्तम आहेत. पण त्या भेटीचा केंद्रबिंदू दाता असतो. एका मुलाला चांगले कपडे घालून पाहुण्यासमोर बसवलं जातं, शेजारच्या घरातल्या ज्या मुलाला प्रायोजक नाही ते दारातून बघत राहतं. प्रायोजकत्वाचा मुलांना उपयोगच होत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. वायडिक, ग्लेवी आणि रटलेज या अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ साली सहा देशांतल्या, त्यात भारतही होता, कम्पॅशन इंटरनॅशनल या अशाच प्रायोजक संस्थेच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात प्रायोजित मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली असं दिसलं. मात्र २०१७ साली परकीय देणग्यांच्या नियमांमुळे कम्पॅशनला भारतातलं काम बंद करावं लागलं, तेव्हा सुमारे दीड लाख मुलांशी असलेला प्रायोजकांचा पत्रव्यवहार एकदम तुटला. नातं एका मुलाशी आणि एका दात्याशी बांधलं की त्याचा हा धोका असतोच. ‘आशा’च्या साइट व्हिजिटमध्ये स्वयंसेवक शाळा बघायला जातो, ‘आपलं मूल’ बघायला नव्हे. आम्हाला ही पद्धत जास्त पटते ती म्हणूनच.

आता पहिली मोठी खोट: वेळ.

अमेरिकेतला माणूस भारतात येतो डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात, नाहीतर जून ते ऑगस्ट. महाराष्ट्रातल्या शाळेसाठी डिसेंबरअखेर म्हणजे गॅदरिंगचे आणि सहलींचे दिवस. वर्गात फळ्यावर काही नसतं, मुलं नाचाच्या तालमीत असतात, शिक्षक बसच्या परवानगीच्या कागदांत. त्या दिवसांत आलेल्या पाहुण्याला शाळा फार ‘उत्साही’ दिसते आणि अहवालात तसंच लिहिलं जातं. शिकवणं मात्र त्याच्या नजरेलाच पडत नाही. मे महिन्यात यायचं तर शाळा बंद. जूनच्या मध्याला त्या उघडतात, विदर्भात उन्हामुळे आणखी आठ-पंधरा दिवस उशिरा. आणि पहिले काही आठवडे प्रवेश, पुस्तकं, गणवेश यांतच जातात. जुलै-ऑगस्टमध्ये वर्ग व्यवस्थित चालू असतात, पण अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात किंवा मेळघाटात ओढ्याला पाणी आलं की रस्ता तुटतो, आणि शिक्षकही पोहोचत नाहीत. तसं दिसलं तर ते लिहायलाच हवं, कारण मुलांचं वर्ष त्याच पावसात जातं.

ऊसतोडीच्या भागात वेळेचा प्रश्न याहून बिकट आहे. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी इथली कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर जातात, ती परततात कारखान्यांचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलच्या सुमारास. डिसेंबरात बीडच्या एखाद्या वस्तीवर गेलेल्या स्वयंसेवकाला अर्धा वर्ग रिकामा दिसतो. तो लिहितो, ‘हजेरी कमी, संस्थेने लक्ष द्यावं.’ प्रत्यक्षात त्या संस्थेचं काम नेमकं तिथेच असतं: आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात थांबलेली मुलं किती, कोयत्यासोबत, म्हणजे ऊसतोड आईबापांबरोबर, गेलेली किती, आणि गेलेल्यांपैकी कारखान्याजवळच्या शाळेत किती बसली. अशा प्रकल्पाला दोन भेटी लागतात. एक ऑगस्ट-सप्टेंबरात गावी, सगळी मुलं असताना. दुसरी जानेवारी-फेब्रुवारीत, गावी आणि ऊसतोड टोळीच्या तळावर. एकाच माणसाला दोन्ही जमत नसेल तर दुसरी भेट पुण्या-कोल्हापुरातल्या ओळखीच्या कुणी करावी आणि दोघांनी एकच अहवाल लिहावा. रायगड-पालघरकडच्या वीटभट्ट्यांवरच्या कातकरी मुलांचंही असंच, त्यांचा हंगाम दिवाळीनंतर मेपर्यंत.

तर कधी जावं? सोमवार ते गुरुवारातला दिवस, जुलैच्या मध्यापासून दिवाळीच्या आधीपर्यंत, किंवा जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीअखेर. आठवडी बाजाराचा दिवस टाळावा, त्या दिवशी मुलं आईबापाबरोबर बाजारात असतात. २६ जानेवारीच्या आधीचा आठवडा कवायतीत जातो, तोही टाळावा.

दुसरी खोट म्हणजे मुक्काम न करणं. बहुतेक भेटी जाऊन-येऊन एका दिवसात उरकल्या जातात. सकाळी जिल्ह्याच्या गावाहून भाड्याची गाडी निघते, अकराला पोहोचते, तीनला परत. या चार तासांत शाळा पाहुण्यांसाठी चाललेली असते. किमान एक रात्र गावात काढावी. पहिला दिवस स्वागतात, ओळखीत आणि कागदपत्रांत जाऊ द्यावा, दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या आधी शाळेत हजर राहावं. जमलं तर मुक्कामी एसटीने यावं: संध्याकाळी पोहोचतो, आणि येताना गाडीत शेजारी बसलेल्या बाईकडून शाळेबद्दल जे ऐकायला मिळतं ते दुसऱ्या दिवशी कार्यालयात कुणी सांगत नाही. संस्थेची जीप मागू नये. त्या डिझेलचा खर्च शेवटी मुलांच्याच पैशांतून निघतो.

स्वागत. फोनवर आधीच, स्पष्ट आणि दोनदा सांगावं: शाल-श्रीफळ नको, स्वागतगीत नको, मुलांना दारात उभं करू नका. नुसतं ‘काही करू नका हं’ म्हटलं तर आपल्याकडे तो शिष्टाचार समजला जातो आणि सगळं केलं जातंच. म्हणून कारणासहित सांगावं, की आमच्याकडे वेळ थोडा आहे आणि आम्हाला चालू वर्ग बघायचा आहे. तरीही कुणी ओवाळायला आलंच तर मान मोडू नये, चटकन घेऊन पुढे जावं. खाऊ म्हणून चॉकलेटं वाटू नयेत. द्यायचंच तर निघताना शाळेच्या वाचनालयासाठी मराठी पुस्तकं, तीही शिक्षकांना आधी विचारून. कोणत्याही एका मुलाच्या हातात वस्तू देऊ नये.

आता शाळेतला दिवस. परिपाठाला मुलं रांगेत असतात तेव्हा मागे उभं राहून मुंडकी मोजावीत. मग वर्गावर हजेरी झाली की आकडा पडताळावा. दुपारी शालेय पोषण आहाराच्या पंगतीत पुन्हा मोजावं. तिन्ही आकडे जवळपास जुळले तर ठीक. सकाळी ६२, हजेरीत ७१ आणि पंगतीत ५८ असं दिसलं तर शांतपणे विचारावं. कधी उत्तर साधं असतं, काही मुलं उशिरा आली, काही घरी जेवायला गेली. हजेरीपत्रक चाळताना आजचा दिवस बघण्यात अर्थ नाही, मागचे तीन महिने बघावेत. खरं हजेरीपत्रक ओबडधोबड असतं: सोमवारी कमी, सणाच्या दुसऱ्या दिवशी कमी, काढणीच्या आठवड्यात मोठी मुलं गायब. सगळ्या रकान्यांत एकाच पेनाने, एकाच दमात भरलेला ‘हजर’ दिसला तर ते एका बैठकीत भरलेलं पत्रक आहे. पेन्सिलीने भरलं असेल तर त्याचं कारण विचारावं. जनरल रजिस्टरवरून यंदा सोडून गेलेल्या मुलांची नावं बघावीत आणि त्यातल्या दोघा-तिघांचं पुढे काय झालं ते विचारावं. चांगल्या संस्थेला ते तोंडपाठ असतं. ‘सुमनचं लग्न झालं, दोघं भाऊ भट्टीवर गेले, एक आश्रमशाळेत टाकला’, अशी उत्तरं कानाला बरी लागत नाहीत, पण ती देणारी माणसं मुलांना ओळखतात, म्हणून अशा संस्थेवर जास्त विश्वास ठेवावा.

मुलांना वाचता येतं का, हे बघणं सर्वांत महत्त्वाचं. तेच सर्वांत कमी केलं जातं. मुलांशी गप्पा होतात, गाणी होतात, ‘मोठेपणी कोण होणार?’ विचारलं जातं, सगळी ‘डॉक्टर’ आणि ‘पोलीस’ म्हणतात, आणि अहवालात ‘मुलं आत्मविश्वासपूर्ण’ असं येतं. त्याऐवजी ‘असर’ या शैक्षणिक पाहणीतली चाचणी वापरावी. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन ही पाहणी होते, आणि तिची मराठी साधनं मोफत मिळतात. पाहणी किती गरजेची आहे ते तिच्याच एका आकड्यावरून कळतं: २०२४ च्या पाहणीत देशभरातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी २३.४ टक्के होती.

पद्धत अशी. हजेरीपत्रकावरून दर पाचवं नाव निवडावं. शिक्षकांना निवडू देऊ नये, ते प्रेमापोटी हुशार मुलं पाठवतात. एका वर्गातून सहा ते आठ मुलं पुरतात. मुलाला व्हरांड्यात बाजूला बसवावं, पण सगळ्यांच्या नजरेसमोर. शिक्षक ऐकण्याच्या अंतराबाहेर. आपण खुर्चीत आणि मूल उभं असं नको, दोघांनी चटईवर शेजारी बसावं. आधी नाव-गाव विचारून दोन मिनिटं बोलावं. मग परिच्छेद समोर ठेवावा. तो वाक्यासारखा, फारशा चुका न करता वाचला तर पुढची पायरी गोष्ट. परिच्छेद अडखळला तर मागे येऊन शब्द: कोणतेही पाच वाचायला सांगावेत, चार बरोबर आले तर मूल ‘शब्द’ पातळीवर. तेही जमले नाहीत तर अक्षरं, पुन्हा पाचातली चार. गणितात सुरुवात हातच्याच्या वजाबाकीने. दोन्ही वजाबाक्या बरोबर आल्या तर तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचा भागाकार. वजाबाकी चुकली तर ११ ते ९९ मधल्या संख्यांची ओळख, तीही जमली नाही तर १ ते ९. एका मुलाला पाच-सात मिनिटं लागतात.

यात काय बिघडतं? एक, मुलांना त्यांचंच पाठ्यपुस्तक वाचायला दिलं जातं. बालभारतीचा धडा त्यांना पाठ असतो. पुस्तक उलटं धरलं तरी ‘वाचतात’. दोन, आजूबाजूला जमलेली मुलं उत्तर कुजबुजतात. तीन, आणि हे फार गंभीर, घरची भाषा. धडगावच्या मुलाची पावरी, मेळघाटातल्याची कोरकू, गडचिरोलीतल्याची गोंडी किंवा माडिया. पहिली-दुसरीत मराठी त्याच्यासाठी परकी असते. त्याने मराठी शब्द वाचला नाही म्हणून शाळा वाईट ठरत नाही. तिथे बघायचं ते हे, की शिक्षकाला मुलांची बोली येते का, पहिलीचा वर्ग कोणत्या भाषेत चालतो, आणि चौथीपर्यंत मराठी वाचन कुठे पोहोचतं. नर्मदा बचाव आंदोलनाने नर्मदेच्या खोऱ्यात काढलेल्या जीवनशाळांनी मुलांच्या बोलीतून शिकवायला सुरुवात केली त्यामागचं कारण हेच होतं. निकाल लिहिताना मुलाचं नाव लिहू नये. ‘तिसरी, ८ पैकी ३ गोष्ट, २ परिच्छेद, २ शब्द, १ अक्षर’ एवढं पुरे. पुढच्या वर्षी येणारा याच्याशी ताडून बघू शकतो. ‘मुलं छान वाचतात’ याच्याशी काहीही ताडता येत नाही.

शिक्षकांशी बोलताना संस्थेचा प्रमुख जवळ नको. मानधन बँकेत येतं की हातात, मागच्या महिन्याचं कधी आलं, सही केली त्या रकमेइतकंच मिळालं का, हे तीन प्रश्न हळू आवाजात विचारावेत. उत्तर द्यायला शिक्षक कचरला तर आग्रह करू नये, पासबुकावरून कळतंच. मानधन दोन-तीन महिने थकलेलं आढळलं तर लगेच संस्थेवर संशय घेऊ नये. पुष्कळदा कारण चॅप्टरकडून हप्ता उशिरा जाणं हेच असतं. अमेरिकेत सभेला गणसंख्या झाली नाही, मंजुरी पंधरा दिवस पुढे गेली, आणि इकडे किराणा दुकानदाराने मास्तरांची उधारी बंद केली. स्ट्यूअर्डने हे वाचावं म्हणूनच ते अहवालात तारखांसह लिहावं: पैसे कधी सुटले, कधी खात्यात आले, मानधन कधी झालं.

पैशांच्या बाबतीत कायदा नीट समजून घ्यायला हवा. परकीय देणगी नियमन कायदा २०१० सालचा, त्यात २०२० साली मोठे बदल झाले. परकीय देणगी आता फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते, तिथून ती स्थानिक खात्यात वळवता येते. एका संस्थेला मिळालेली परकीय देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. याचा सर्वांत मोठा फटका स्वतःची नोंदणी नसलेल्या वस्तीपातळीवरच्या छोट्या गटांना बसला, जे आधी मोठ्या संस्थेच्या आधाराने काम करत. भेटीला जाण्याआधी गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संस्थेची नोंदणी चालू आहे का आणि पाच वर्षांची मुदत कधी संपते ते बघून घ्यावं. नूतनीकरण अडकलं तर पैसा थांबतो, आणि मग मुलांचं वर्ष कसं निभावणार हे भेटीतच विचारायला हवं.

आणि भेटीत रोख पैसे देऊ नयेत, भरून आलं तरी. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय देणगी धरत नाहीत. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला माणूस, मग तो साताऱ्याचा असो की सांगलीचा, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी कायद्याच्या दृष्टीने परकीय स्रोतच. त्याने रुपयांत दिलेले पैसेही परकीय देणगीत मोडतात. भावनेच्या भरात दिलेले दहा हजार रुपये ती छोटी संस्था घेते, खिचडीच्या भांड्यांवर प्रामाणिकपणे खर्च करते, आणि पुढे लेखापरीक्षणात अडकते. जुने लॅपटॉप आणून संस्थेला दिले तरी ती वस्तुरूपातली देणगी होते आणि त्यांची किंमत वार्षिक विवरणात दाखवावी लागते. म्हणून आधी संस्थेच्या हिशेबनिसाशी बोलावं. हा भाग ‘आशा’च्या प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला निघण्याआधी समजावून सांगायला हवा.

सोबत येणाऱ्या परदेशी मित्रमैत्रिणींसाठी: पर्यटक ई-व्हिसावर बिनमोबदल्याचं अल्पकालीन स्वयंसेवी काम जास्तीत जास्त महिनाभर करता येतं. दोन-तीन महिने राहून शिकवायचं असेल तर वेगळा व्हिसा लागतो.

फोटोंच्या बाबतीत आमचं मत कडक आहे. अहवाल उघड्या संकेतस्थळावर जातो, म्हणजे त्यातला प्रत्येक चेहरा कायमचा जगभर जातो. वर्गाचा फोटो मागच्या बाकावरून, मुलांच्या पाठी दिसतील असा घ्यावा. फळा, वह्या, स्वयंपाकघर, संडास, पाण्याची टाकी यांचे फोटो जास्त उपयोगी असतात. संडासाचा तर हवाच: दार लागतं का, आत पाणी आहे का, मुलींसाठी वेगळा आहे का, आणि सर्वांत महत्त्वाचं, त्याला कुलूप लावून तो ‘पाहुण्यांसाठी’ राखलेला नाही ना. मोबाइलमधलं ठिकाण नोंदवण्याचं सेटिंग बंद ठेवावं. चेहरा दिसणारा फोटो घ्यायचाच असेल तर पालकांना विचारून. मास्तरांची परवानगी म्हणजे पालकांची नव्हे. निराधार किंवा संरक्षणाची गरज असलेल्या मुलांच्या बालगृहात कॅमेरा बाहेर काढूच नये. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुलं ठेवणाऱ्या संस्थेची त्याच कायद्याखाली नोंदणी आहे का, हेही बघावं. प्रमाणपत्र सहसा कार्यालयात लावलेलं असतं. नसेल तर मागावं.

मुलांबरोबर बंद खोलीत एकट्याने बसू नये, वसतिगृहाच्या झोपण्याच्या खोल्यांत एकट्याने जाऊ नये, आणि आपला फोन नंबर किंवा समाजमाध्यमावरचं खातं मुलांना देऊ नये. मोठ्या प्रायोजक संस्था भेटीआधी पोलीस-तपासणी करून घेतात. साइट व्हिजिटला जाणाऱ्याने तसा दाखला स्वतःहून शाळेला द्यावा. आपण ओळखीचे, सुशिक्षित, मराठी बोलणारे आहोत हे मुलांच्या सुरक्षिततेचं प्रमाण नव्हे. एखाद्या मुलाने त्रासाबद्दल काही सांगितलं तर उलटतपासणी घेऊ नये, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नये. १०९८ हा मुलांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालतो. लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यावर ती पोलिसांना न कळवणं हा पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो पाहुण्यालाही लागू होतो.

संध्याकाळी वस्तीवर फिरावं. पालक दिवसा शेतावर असतात, सातनंतर घरी सापडतात. ‘शाळा कशी आहे?’ या प्रश्नाला ‘चांगली आहे साहेब’ याशिवाय उत्तर मिळत नाही. ‘पोरीला काल काय शिकवलं?’, ‘गुरुजी मागच्या वेळी घरी कधी आले होते?’, ‘पोरगं आजारी पडलं तेव्हा शाळेतून कुणी विचारायला आलं का?’ अशा प्रश्नांना खरी उत्तरं येतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. त्या समितीतल्या एखाद्या बाईला शेवटची सभा कधी झाली ते विचारावं. ‘सही घ्यायला आले होते’ असं उत्तर आलं तर सभा झालेलीच नाही.

आता आमची सगळ्यांत मोठी तक्रार, आणि ती ‘आशा’सारख्या सगळ्याच परदेशस्थ भारतीय संस्थांच्या पद्धतीवर आहे. अहवाल इंग्रजीत लिहिला जातो, अमेरिकेतल्या सभेत वाचला जातो, त्यावर पुढचा हप्ता ठरतो. ज्या शाळेबद्दल तो आहे तिथल्या शिक्षकांच्या हातात बहुतेक वेळा काहीच येत नाही. संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुला आहे हे खरं, पण धडगावच्या ताईंनी तो शोधून, इंग्रजीत वाचावा ही अपेक्षा कशी धरायची? पाहुणा आला, वह्या तपासल्या, मुलांची परीक्षा घेतली, निघून गेला, आणि त्याचं मत काय झालं ते कधी कळलंच नाही. शिक्षकांच्या मनात पुढच्या पाहुण्याबद्दल धास्ती बसते ती यामुळे. मग गॅदरिंगसारखी तयारी सुरू होते, आणि पुढच्या भेटीत खरं काही दिसत नाही.

यावर उपाय फारसा अवघड नाही. निघायच्या आधी तासभर शिक्षकांबरोबर बसावं आणि जे दिसलं ते तोंडी सांगावं, चांगलं आधी, पण राहिलेलं न लपवता. परतल्यावर पंधरा दिवसांच्या आत, आठवणी ताज्या असताना, अहवाल पूर्ण करावा. त्याबरोबर मराठीत एक पान लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर संस्थेला पाठवावं. त्यात चार गोष्टी हव्यात: वाचन-गणिताचे वर्गवार आकडे, शाळेने मागितलेल्या गोष्टी, चॅप्टरकडे आपण काय मांडणार आहोत, आणि उत्तर कोणत्या तारखेपर्यंत कळवू. शाळेला काही चुकीचं वाटलं तर त्यांचं म्हणणं अहवालातच, त्यांच्याच शब्दांत जोडावं. स्ट्यूअर्डला मराठी येत नसेल तर चॅप्टरमध्ये मराठी येणारा एक माणूस या कामाला नेमावा. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळ आहे, तिथे असा माणूस नक्की मिळतो. हे पान पोहोचल्याशिवाय चॅप्टरने भेट पूर्ण झाली असं धरू नये.